पाव चक्कर

मामा घरी येणार असं कळलं की आई आधी चहाचं आधण ठेवत नाही, आधी स्क्रू ड्रायव्हर लपवते. पिठाच्या डब्यामागं. मागच्या खेपेला चहा होईस्तोवर मामांनी शेगडीच्या बारीक ज्योतीला पाव चक्कर दिली होती. पुढं आठवडाभर आमच्याकडं दूध एक तर उतू जात होतं नाहीतर तापतच नव्हतं. त्याच्या आधीचा नंबर लंबकाच्या घड्याळाचा. ते दिवसाला दोन मिनिटं मागं पडायचं. मामांनी लंबकाखालची चाकी पाव चक्कर वर घेतली. तेव्हापासून ते दिवसाला चार मिनिटं पुढं जातं, आणि मामांचं म्हणणं असं की मागं पडण्यापेक्षा हे केव्हाही बरं, एस.टी. तरी चुकत नाही.

हे मामा आमचे सख्खे कुणी नव्हेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हाताला ग्रीस आणि डोक्यावर पांढरे केस असले की माणूस आपोआप मामा होतो. धंदा डिझेल पंपाचा. म्हणजे रस्त्याकडेला नळी घेऊन उभं राहायचा नव्हे. ट्रकच्या इंजिनाच्या कुशीला जो ठोकळा बसवलेला असतो आणि ज्याच्या डोक्यातून सहा लोखंडी नळ्या निघून सहा सिलिंडरांकडं जातात, तो पंप. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती दाबानंच तापते. त्या तापलेल्या हवेत नेमक्या क्षणी, नेमकं तेवढं डिझेल फवारायचं. “येवढंच हाय सगळं,” मामा म्हणतात. या ‘येवढंच’मध्ये त्यांची पन्नास वर्षं गेली.

माझ्या कॉलेजच्या दिवसांत आमच्याकडं ट्रक होता, एक जुनी सोळा-बारा. गूळ घेऊन पुण्याला जायची, येताना सिमेंट नाहीतर खत आणायची. वडील तिचे मालक, पण तिच्या पंपाचे मालक मामाच. वडील त्यांना ‘मिस्त्री’ म्हणायचे, मामा वडलांना ‘मालक’ म्हणायचे, आणि मी विज्ञान शाखेला असल्यामुळं मला ‘मास्तर’. या ‘मास्तर’मध्ये आदर किती आणि टिंगल किती, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

गाडी गॅरेजच्या दारात लागली की मामा लगेच बोनेटला हात लावायचे नाहीत. तंबाखू मळत दहा पावलं लांब उभे राहायचे. ड्रायव्हरला म्हणायचे, “सेल मार.” मग, “राहू दे तशीच.” मग डोळे मिटून ऐकत राहायचे. शेजारी लेथ चालू, पलीकडं पत्रा ठोकताहेत, समोर रिक्षावाला हॉर्न देतोय; मामांना त्यात फक्त आमची गाडी ऐकू यायची. नंतर जवळ येऊन लांबलचक स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला. नंतर एकेका नळीवर दोन बोटं, वैद्यानं नाडी बघावी तशी. एकेका नळीचा नट ढिला करून बघायचे. नट ढिला केल्यावर ज्या नळीनं इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, त्या नळीचा सिलिंडर झोपलेला. “तीन नंबर काम करंना,” असं जाहीर व्हायचं, आणि पुढचं वाक्य ठरलेलं, “काय न्हाई, पाव चक्कर.”

मामांचा खरा जीव मात्र पंपाच्या अलीकडच्या बाजूला. टाकीतून फीड पंपानं ओढलेलं डिझेल फिल्टरमधून गाळून जिथं येऊन थांबतं, त्या गॅलरीत आमच्या गाडीला दाब लागायचा एक ते दीड किलो. मोटरसायकलच्या टायरात याहून जास्त हवा असते. पलीकडं, नोझल उघडायला, दोनशे किलोच्या आसपास. सगळे लोक त्या दोनशेच्या मागं. नोझल बदल, पंप उतरव, नवा प्लंजर टाक. मामा दीड किलोच्या मागं. “आईनं ताटात वाढलंच न्हाई तर पोरगं खानार काय?” हा त्यांचा सिद्धांत, आणि तो चुकीचा आहे असं कुठल्याही पुस्तकात मला सापडलं नाही.

हा दीड किलो टिकवायला ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह नावाची करंगळीच्या पेराएवढी एक चीज असते. आत गोळी आणि स्प्रिंग. दाब जास्त झाला की गोळी उचलते आणि जादाचं डिझेल टाकीकडं परत. स्प्रिंग म्हातारी झाली की गोळी लवकर उचलते आणि दाब पडतो. नवा व्हॉल्व्ह बाजारात मिळायचा, पण तो विकत घेणं मामांना कमीपणाचं वाटे. ते स्प्रिंग काढायचे, दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरायचे आणि चिमूटभर ताणायचे. किती? विचारलं की बोटांनी हवेत पाव चक्कर दाखवायचे. स्प्रिंगला कसली आली आहे चक्कर, पण मापाचा एकच शब्द ज्यांच्याकडं असतो ते तो सगळीकडं वापरतात.

आता दाब बोटानं, कानानं आणि नखानं मोजणाऱ्या या माणसाकडं मीटरही होतं, हे सांगितलं पाहिजे. जुन्या बाजारातून आणलेलं, पितळी कडीचं, काच एका कोपऱ्यात तडकलेली. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळून ठेवलेलं. ते बाहेर निघायचं ते गिऱ्हाईक फारच वाद घालायला लागलं तर. मीटर लावायचं, काटा दाखवायचा, आणि काटा जर मामांच्या कानाशी सहमत झाला नाही तर, “मीटरला काय कळतंय? मीटरनं कधी गाडी चालवलीया व्हय?” काटा सहमत झाला तर मात्र, “बघा, मीटरबी तेच म्हंतंय.”

एकदा मी मास्तरकी करायला गेलो. म्हटलं, “मामा, पण मीटर बरोबर आहे हे कशावरून?” मामा गप्प झाले. तंबाखूची गोळी गालातल्या गालात या बाजूची त्या बाजूला गेली. चार दिवसांनी मामी आमच्या घरी तणतणत आल्या. मामांनी त्यांच्या कुकरच्या झाकणाला टी-जॉइंट बसवला होता. एका फाट्यावर शिट्टी, दुसऱ्या फाट्यावर पाईप, पाईपाच्या टोकाला मीटर. कारण कुकरची शिट्टी उचलते ती साधारण एक किलोला, आणि शिट्टीचं वजन काही म्हातारं होत नाही, स्प्रिंगसारखं. शिट्टी उचलली तेव्हा काटा एकवर होता की नाही, एवढंच मामांना बघायचं होतं. दाब मोजायची यंत्रं तपासताना प्रयोगशाळेतही ठरावीक वजनच तोलून बघतात, हे मला पुढं कळलं. मामांना ते कुणी शिकवलं नव्हतं. काटा एकच्या किंचित पुढं होता म्हणे. मामा खूश होते. मामी खूश नव्हत्या, कारण कुकरमध्ये तूरडाळ होती आणि त्या दिवशीच्या आमटीला डिझेलचा वास होता. (कुणी घरी करून बघू नये. कुकर हा थट्टेचा विषय नाही.)

मामींच्या गॅसवर आणखी एक उद्योग चालायचा. डिझेलच्या पाईपाच्या बोल्टाखाली तांब्याचे वायसर असतात. एकदा आवळले की ते कडक होतात, पुन्हा लावले की झिरपतात किंवा हवा ओढतात, आणि डिझेलच्या वाटेत हवा शिरली की गाडी बंद. शहाणा माणूस नवे वायसर लावतो. मामा जुने चिमट्यात धरून ज्योतीवर लाल करायचे आणि तांब्यातल्या पाण्यात टाकायचे. चर्र. तांबं पुन्हा मऊ. तो तांब्या नंतर देवघरात जायचा नाही, एवढी तडजोड दोघांत झालेली होती.

मामांचं वैर कुणाशी असेल तर कॅलिब्रेशनवाल्यांशी. तिथं बंद खोलीत, धूळ येऊ न देता, पंप बेंचवर चढवतात, सहा तोंडांखाली काचेच्या सहा नळ्या लावतात, मोजून ठरावीक फेरे फिरवतात आणि कुठल्या नळीत किती मिलिलिटर पडलं ते बघतात. सहाही नळ्यांत डिझेल सारखं यायला हवं. पंगतीत सहा भावांना श्रीखंड वाढताना आजीची जी कसरत होते तीच ही. सगळं जुळलं की जास्तीत जास्त डिझेल ठरवणाऱ्या स्क्रूला तार ओवून शिशाचं सील मारतात. हे सील तुटलं की गॅरंटी संपली. आणि सील दिसलं की मामांची बोटं वळवळायला लागायची. कुणीतरी आपल्याला ‘हात लावू नका’ असं म्हणतंय, हे त्यांच्याच्यानं सोसायचं नाही. मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो, मामांच्या खाकी सदऱ्याच्या खिशात तंबाखूच्या डबीशेजारी तार आणि शिशाचे मणी असायचे.

तर, खंबाटकीचा घाट.

पुण्याहून येताना आमची गाडी घाटात दम टाकायला लागली. सपाटीला उत्तम, पिकअप उत्तम, घाटात निम्म्यावर आलं की मेली. ड्रायव्हर म्हणाला पंप गेला. मामांनी ऐकलं, नळ्या चाचपल्या, स्प्रिंग ताणली. दारात रेस देऊन मीटर लावलं, काटा दीडवर. “जावा.” पुढच्या खेपेला तेच. मामांनी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली एक वायसर वाढवला. काटा दीडच्याही पुढं. पुन्हा तेच. मग वडील जेवायला गेलेले बघून सीलवाल्या स्क्रूला पाव चक्कर. आता गाडी घाटात दम टाकायचीच, वर काळा धूर ओकायची. मागच्या गाड्यांतले लोक शिव्या देऊन पुढं जायचे. ॲव्हरेज पडलं. वडील म्हणाले, “मिस्त्री, एकदा बेंचवर नेऊ या का?” हा शब्द निघाल्यावर मामांनी त्याच रात्री शिदोरी बांधली. “मी येतो गाडीसंगट. मास्तरला बी घ्या. काटा वाचायला शिकलेला माणूस पायजे.”

पुण्याला गूळ उतरवला, सिमेंट भरलं. निघण्यापूर्वी मामांनी मोज्यातून मीटर काढलं, पंपाच्या गॅलरीला जोडलं, तिथून लांब पाईप बोनेटच्या फटीतून बाहेर काढून मीटर क्लीनरच्या बाजूच्या आरशाच्या दांडीला सुतळीनं बांधलं. केबिनमध्ये का नाही, विचारलं तर म्हणाले, “पाईप फुटला तर डिझेलनं आंघोळ करायची हाय व्हय?” पन्नास वर्षांच्या पाव चकरांमध्ये हा माणूस जिवंत राहिला तो अशा एखाद्या वाक्यामुळं.

शिरवळ मागं पडलं. खंडाळा गेलं. घाट सुरू झाला. ड्रायव्हरनं गिअर खाली टाकला, इंजिन पूर्ण रेसवर. मी खिडकीतून मान बाहेर काढून ओरडत होतो, “दीड! दीड!” मामा मधल्या सीटवर मांडी घालून, डोळे मिटून. एक वळण. दुसरं वळण. “दीड! सव्वा!” मामांनी एक डोळा उघडला. “सव्वा... एक!” ड्रायव्हरनं पहिला टाकला. “पाऊण! मामा, पाऊण!” इंजिनाचा आवाज अजून बदललेला नव्हता. म्हणजे कानाला जे पुढच्या वळणावर कळणार होतं ते काट्यानं आधी सांगितलं. हे मामांच्याही ध्यानात आलं, आणि त्यांचा चेहरा एकाएकी वर्गात चुकलेल्या पोरासारखा झाला. “अर्धा!” मग गाडीनं मान टाकली. क्लीनर उडी मारून चाकामागं दगड लावायला धावला.

मामा उतरले. तंबाखू मळली. कुणीच काही बोलेना. दहा मिनिटांनी म्हणाले, “सेल मार.” गाडी चालू. काटा? दीड. ठणठणीत. स्प्रिंग दहा मिनिटांत बरी होत नाही, फिल्टरही नाही. आवळलेला घसा सोडल्यावर जे बरं होतं तेच हे. मामा हळूहळू चालत टाकीकडं गेले. टाकीला झाकण नव्हतं. त्या जागी प्लास्टिकच्या पिशवीचा बोळा आणि वर चिंधी बांधलेली. झाकण कधी हरवलं, असं मामांनी विचारलं. ड्रायव्हरला अचानक दरीतलं काहीतरी दिसलं आणि तो तिकडं बघत राहिला.

ओढणारा पाईप टाकीतून वर काढला. त्याच्या तोंडाला तळहाताएवढा प्लास्टिकचा तुकडा चिकटलेला, ओल्या पापडासारखा. गाडी उभी असली की तो तळाला पडायचा. गॅरेजच्या दारात दोन मिनिटं रेस दिली तर जागचा हलायचाही नाही. घाटात पंधरा-वीस मिनिटं पंप ओढत राहिला की तरंगत यायचा आणि तोंडावर बसायचा. मामांनी तो तुकडा उन्हात धरून बघितला, घडी घातली आणि खिशात ठेवला, शिशाच्या मण्यांशेजारी.

उरलेला घाट काटा दीडवरून हलला नाही. धूर मात्र होताच. वर पोचल्यावर मामांनी गाडी थांबवायला सांगितली, बोनेट उघडलं, आणि वडील तिथं नसताना त्यांना ऐकवावं तशा आवाजात म्हणाले, “आता वाट मोकळी झाली न्हवं? म्हंजे डिझेल जरा जादाच जातंय. पाव चक्कर कमी करू.” मग वायसर काढला. मग स्प्रिंग थोडी दाबली. तिन्ही खेपांचं सगळं केलेलं उलटं फिरवलं, आणि घरी पोचल्यावर वडलांना सांगितलं, “पाव चकरेत बसली गाडी.” ‘मीटरबी तेच म्हनत हुतं’ हे त्या दिवशी पहिल्यांदा राहिलं.

मी कुठूनतरी वाचून एकदा मामांना रुडॉल्फ डिझेलची गोष्ट सांगितली. १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला त्याचं इंजिन यशस्वी झालं. पण इंधन आत फुंकायला तेव्हा दाबलेल्या हवेचा अवजड कॉम्प्रेसर लागायचा. बॉशचा आटोपशीर पंप कारखान्यातून बाहेर पडायला १९२७ उजाडलं, आणि मग हे इंजिन ट्रकात सुखानं मावलं. डिझेल स्वतः १९१३ मध्येच गेला. इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून रात्रीत नाहीसा झाला, नंतर प्रेत सापडलं.

“कशापायी?” मामांनी विचारलं.

“नक्की कुणालाच कळलं नाही. कर्ज फार झालं होतं म्हणतात.”

मामांनी टोपी काढली. “उधारी,” म्हणाले. बराच वेळ त्यांच्या नजरेसमोर स्वतःची वही असावी. त्या वहीत आमचंही पान होतं, म्हणून मी विषय बदलला.

आता गाड्या बदलल्या. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाच्या बीएस-६ नियमातल्या आल्या. कॉमन रेलमध्ये सोळाशे बारच्याही वर दाब. तो एक सेन्सर मोजतो, कॉम्प्युटर ठरवतो, ड्रायव्हर युरियाची टाकी भरतो. मामांच्या जुन्या गॅरेजात आता त्यांचा भाचा स्कॅनर घेऊन बसतो. मध्यंतरी एक नवा ट्रक आला, चढाला ताकद पडते म्हणून. मामा प्रदक्षिणा घालून आले. सवयीनं नळीवर बोटं ठेवायला गेले तर पोरानं त्यांचा हात मनगटाला धरून मागं ओढला. या दाबाची बारीकशी चिळकांडीसुद्धा कातडी भेदून आत जाते. तिथं नाडी बघता येत नाही. मामांनी हात सदऱ्याला पुसला, नसलेलं ग्रीस. मग विचारलं, “हितं पाव चक्कर कुठं द्यायची?”

“मामा, याला चक्कर नसते. अपडेट असतं.”

मामा म्हणाले, टाकी बघा. पोरानं मान राखून टाकी उतरवली. टाकी लख्ख होती. दोन तास गेले. दोष निघाला सेन्सरच्या कनेक्टरमध्ये, नीट बसलेला नव्हता. पोरानं दाबून बसवला, टक् असा आवाज आला.

“ढिला हुता न्हवं?” मामा म्हणाले. “मग ती पाव चक्करच की.”

परवा आमच्याकडं आले होते. स्क्रू ड्रायव्हर पिठाच्या डब्यामागं होता. मामांनी चहा घेतला, पाय पसरले, डोळे मिटले. आत कुकर चढलेला. पहिली शिट्टी झाली. मामांनी एक डोळा उघडला. दुसरी शिट्टी झाली तसे म्हणाले, “वैनी, तुमचा कुकर पाऊण किलोलाच उचलतोय.”

आईनं दुसऱ्याच दिवशी नवा कुकर आणला. मामांच्या मते तोही पाऊणलाच उचलतो.